जुन्या मेलोट्रॉनमधले विचित्र फेरफार: ओळखावेत कसे आणि त्यांचे करावे काय

जुना मेलोट्रॉन, म्हणजे टेपवर मुद्रित केलेले सूर वाजवणारे कीबोर्डचे वाद्य, उघडल्यावर पहिल्या दिवशी त्यातले काहीही काढू नये, हा नियम मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. पुण्यात माझ्याकडे मुख्यतः बाजाच्या पेट्या, स्पूलचे टेपरेकॉर्डर आणि क्वचित एखादा ऑर्गन दुरुस्तीला येतो. परंतु काही वर्षांपूर्वी इंग्लंडहून कायमचे परतलेल्या एका गृहस्थांनी घरसामानाबरोबर आणलेला मेलोट्रॉन एम४०० माझ्या हवाली केला. त्याच्या मोटरजवळ दोन तारांच्या मध्ये लोंबकळणारा, मूळ रचनेत कुठेही न बसणारा एक काळवंडलेला रेझिस्टर मला दिसला आणि तो कुणाचा तरी आगाऊपणा आहे असे ठरवून मी तो त्याच संध्याकाळी कापून केराच्या टोपलीत टाकला. दुसऱ्या दिवशी यंत्राचा सूर काही केल्या जागेवर येईना. आधीच्या कुण्या मालकाने सूर वर-खाली करणाऱ्या बटणाचा पोटेन्शिओमीटर (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) वेगळ्या मूल्याचा बसवला होता आणि तो रेझिस्टर त्या बदलाची भरपाई करत होता. त्याचे मूल्य मी मोजलेले नव्हते. ते अंदाजाने पुन्हा शोधण्यात माझे दोन दिवस गेले.

ज्यांनी हे वाद्य आतून पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी त्याची रचना थोडक्यात सांगतो. प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक स्वतंत्र तुकडा असतो आणि त्यावर त्या एकाच सुराचे ध्वनिमुद्रण असते. पट्टी दाबली की एक पॅड टेपला हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, टेकवतो आणि एक रबरी पिंच रोलर तिला सतत फिरणाऱ्या लांबलचक कॅप्स्टनवर, म्हणजे टेप ओढणाऱ्या दांड्यावर, दाबतो. टेप ओढली जाते, आवाज येतो, आणि पट्टी सोडताच स्प्रिंगच्या ताणाने टेप मूळ जागी परत जाते. आवाज जेमतेम आठ सेकंद टिकतो. कॅलिफोर्नियातील हॅरी चेंबरलिन यांनी ही कल्पना आधी प्रत्यक्षात आणली. त्यांचा विक्रेता बिल फ्रॅन्सन १९६२ मध्ये दोन यंत्रे घेऊन इंग्लंडला गेला आणि सारखी ७० टेप-हेड बनवून देणारा कारखाना शोधताना बर्मिंगहॅमच्या ब्रॅडली बंधूंपर्यंत पोहोचला. त्यातून १९६३ मध्ये मार्क १, पाठोपाठ मार्क २ आणि १९७० मध्ये एम४०० तयार झाला. मार्क २ मध्ये शेजारी-शेजारी दोन कीबोर्ड आणि एकूण ७० पट्ट्या असतात. एम४०० मध्ये ३५ पट्ट्या, पाऊण इंचाच्या निम्म्या रुंदीची टेप आणि तिच्यावर ए, बी, सी असे तीन ट्रॅक असतात. खाली जे सांगितले आहे ते मुख्यतः एम४०० धरून आहे, कारण संग्राहकांकडे तोच अधिक सापडतो.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. मूळ आराखड्यात नसलेली प्रत्येक गोष्ट परकी नसते, कारण कारखान्यानेच या यंत्रात वेळोवेळी बदल केले. एम४०० च्या मोटरचा वेग सांभाळणारे सीएमसी-१० हे सर्किट पुढे बाजूला पडले आणि त्याच्या जागी एसएमएस-२ आले; त्यामुळे जुन्या पेटीत नवे सर्किट दिसले तर तो एखाद्या हौशी माणसाचा उद्योग नसून रीतसर केलेली सुधारणा असण्याचीच शक्यता जास्त असते. तीच गोष्ट नावाच्या पाटीची. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'मेलोट्रॉन' हे नाव मूळ निर्मात्यांच्या हातून गेले आणि पुढची यंत्रे 'नोव्हाट्रॉन' या नावाने निघाली. ती पाटी पाहून कुणी बनावट मालाची शंका घेऊ नये.

पहिला दिवस: नुसते पाहणे

लागणारे साहित्य साधे आहे: वही, पेन्सिल, मास्किंग टेप, चांगला उजेड, मोबाइलचा कॅमेरा आणि मल्टिमीटर. प्लग काढलेला असावा आणि पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरवर व्होल्टेज उरलेले नाही याची मीटरने खात्री करून घ्यावी. मग मागचे झाकण काढून डावीकडून उजवीकडे छायाचित्रे घ्यावीत आणि जे जे खटकेल त्याला मास्किंग टेपचा क्रमांक चिकटवून वहीत त्याच क्रमांकासमोर फक्त वर्णन लिहावे. 'चुकीचा', 'भिकार', 'काढणे' असे शब्द पहिल्या दिवशी वहीत येता कामा नयेत. हे सांगायला सोपे आणि पाळायला अवघड आहे, हे मी अनुभवाने कबूल करतो.

बदल कोणत्या काळातला आहे हे सांगणाऱ्या खुणा पुष्कळ असतात. त्या काळच्या इंग्रजी यंत्रांत बीए (ब्रिटिश असोसिएशन या जुन्या इंग्रजी मापाच्या) आट्यांचे स्क्रू सर्रास असत; २ बीएचा स्क्रू सुमारे ४.७ मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या भोकात कुणी आपला नेहमीचा ५ मिलिमीटरचा स्क्रू जोर लावून बसवला असेल, तर तो हाताला अडखळत फिरतो व आटे चकचकीत खरवडलेले दिसतात. असा स्क्रू सापडला की त्या भागाला कारखान्यानंतर दुसऱ्या कुणाचा तरी हात लागला आहे हे नक्की समजावे. बीएचे स्क्रू पुण्याच्या बोहरी आळीत मागितले तर दुकानदार आपल्याकडे सहानुभूतीने पाहतो. ते बाहेरून मागवावेत किंवा लेथवाल्याकडून करून घ्यावेत, पण मूळ भोकात नवे आटे पाडू नयेत. सर्किटवर एखादा आयसी (चिप) दिसला तर त्यावरचे चार आकडे वाचावेत: ७४२३ असे छापलेले असेल तर तो १९७४ च्या २३व्या आठवड्यात बनलेला आहे, म्हणजे ती जोडणी त्यापूर्वीची असूच शकत नाही. यंत्र १९७२ चे आणि आयसी १९८१ चा असेल, तर मधल्या वर्षांत कधीतरी दुरुस्ती झाली एवढे तरी हाती लागते. निळ्या रंगाचे मेटल फिल्म रेझिस्टर, श्रिंक स्लीव्ह आणि वेगळ्या झळाळीचे सोल्डरचे डागही अशीच साक्ष देतात.

वीज लावण्याआधी

या एकाच बाबतीत मी पहिल्या दिवसाचा नियम मोडतो. स्टेजवर घुमणारा हम घालवण्यासाठी फिरत्या वादकांच्या यंत्रांत अर्थिंगची तार कापून टाकण्याची खोड जुनी आहे. ती तार कापलेली दिसली तर तिच्यामागचे कारण शोधत बसू नये, तिची जपणूकही करू नये. ती आधी जोडावी आणि हमचा बंदोबस्त नंतर योग्य मार्गाने करावा. त्यानंतर ट्रान्सफॉर्मरची जोडणी कोणत्या व्होल्टेजवर आहे ते पाहावे. अमेरिकेत राहून आलेले यंत्र ११७ व्होल्टवर जोडलेले असू शकते आणि आपल्या २३० व्होल्टच्या पिनमध्ये ते घातले तर पुढचे लिखाण वाचण्याची गरजच उरणार नाही. हे झाल्यावर यंत्र प्रथम सिरीज बोर्डावर, म्हणजे बल्बमधून वीज घेणाऱ्या जोडणीवर, लावावे. साधा पिवळा बल्बच लावावा, एलईडीचा इथे उपयोग नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तो भगभगीत तेवत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. सिरीज बोर्डावर असताना मोटर कुंथत फिरेल किंवा फिरणारही नाही, म्हणून त्या अवस्थेत सुराबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नये.

मोटर आणि वेग

सर्वांत जास्त आणि सर्वांत चमत्कारिक फेरफार इथेच सापडतात, आणि त्याला सबळ कारण आहे. सगळ्या टेपा एकच कॅप्स्टन ओढते. एक पट्टी दाबली तर तिच्यावर थोडा भार येतो, दोन्ही हातांनी दहा पट्ट्या दाबल्या तर दसपट येतो, आणि वेग सांभाळणारे सर्किट कमकुवत असेल तर सगळा सूर एकदम खाली बसतो. मैफिलीत भाता कमी पडल्यावर पेटीचा आवाज दबतो, पण निदान सूर तरी फारसा हलत नाही. इथे सूरच ढळतो. म्हणून वादकांनी आणि त्यांच्या तंत्रज्ञांनी मोटर बदलल्या, फ्लायव्हीलला (वेग स्थिर ठेवणाऱ्या जड चाकाला) पितळेच्या चकत्या जोडून ते आणखी जड केले, जास्तीचे खटके बसवले.

असा बदल तपासताना कानावर किंवा मोबाइलच्या ट्यूनरवर विसंबू नये, कारण टेपवर वाजवणारे व्हायोलिनवादक माणसेच होती. त्यांच्या सुराला कंप आहे आणि सगळे सूर काटेकोर जुळलेलेही नाहीत. ट्यूनरचा उपयोग एवढाच की व्हायोलिनच्या ट्रॅकवर डावीकडून तिसरी पांढरी सहा (इंग्रजी ए), म्हणजे सगळ्या पट्ट्या मोजल्यास २७वी, दाबून सूर ४४० हर्ट्झच्या आसपास आहे का हे पाहावे. खरे माप फ्लायव्हीलवर घ्यावे. त्यावर चमकत्या कागदाचा छोटा तुकडा चिकटवावा आणि न टेकवता फेरे मोजणारा डिजिटल टॅकोमीटर त्याच्यावर धरावा. तपकीर गल्लीत विचारपूस केली की तो मिळतो. एकही पट्टी न दाबता, एक दाबून, पाच दाबून आणि दहा दाबून मिनिटाला किती फेरे होतात ते लिहून ठेवावे. वेग एका टक्क्याने घटला तर सूर सुमारे १७ सेंटने (अर्ध्या स्वराचे १०० सेंट) उतरतो, आणि सहा टक्क्यांच्या जवळ गेला तर अख्खा अर्धा स्वर गेला असे समजावे. ज्या जोडणीमुळे दहा पट्ट्यांवरही घट एक टक्क्याच्या आत राहते, ती दिसायला कितीही ओबडधोबड असली तरी मी तिला हात लावत नाही.

जड केलेल्या फ्लायव्हीलबाबत मात्र माझे मत प्रतिकूल आहे. ते क्षणिक झटका पचवते, पण सलग चार सेकंद धरलेल्या भरगच्च सुरावटीत मोटरला मुळात जोरच नसेल तर वजन काय करणार? शिवाय ते वजन बेअरिंगवर पडते. चकत्या स्क्रूने जोडलेल्या असतील तर त्या काढून, पुन्हा मोजून, फरक पाहावा. डिंकाने किंवा वेल्डिंगने जोडलेल्या असतील तर केवळ कुतूहलापोटी त्या उपटू नयेत.

सूर ठरावीक अंतराने हेलकावत असेल तर हेलकाव्यांची गणना करावी. फ्लायव्हीलच्या एका फेऱ्याला एक हेलकावा येत असेल तर दोष फ्लायव्हीलमध्ये किंवा कॅप्स्टनमध्ये आहे. तो बेल्टच्या एका पूर्ण फेऱ्याला येत असेल तर बेल्ट घरी सांधलेला आहे आणि सांध्याची गाठ चाकावरून जाताना झटका देते आहे. बेल्ट ही बदलण्याची वस्तू आहे, तिच्याबद्दल हळवे होण्याचे कारण नाही.

समोरच्या पटावर अनोळखी टॉगल स्विच दिसला तर तो बहुधा वेग निम्मा करण्यासाठी असतो. वेग निम्मा झाला की सूर एक सप्तक खाली खर्जात जातो आणि आठ सेकंदांची टेप सोळा सेकंद पुरते. आवाज काळोखा आणि किंचित भीतिदायक होतो, आणि हीच गोष्ट कुणाला तरी हवी होती. हा स्विच वापरात नसला तरी जागेवर ठेवावा, पण त्याचे संपर्कबिंदू साफ करावेत, कारण तिथला गंज मोटरच्या वेगात खरखरीसारखा उतरतो आणि दुरुस्ती करणारा भलतीकडेच शोधत राहतो.

टेपा: इथे घाई म्हणजे नुकसान

टेपांच्या चौकटीत काय आहे हे ऐकल्याशिवाय कोणती टेप 'चुकीची' आहे हे ठरवता येत नाही. मूडी ब्लूज या इंग्लिश रॉक बँडचे माइक पिंडर हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्या बँडमध्ये येण्याआधी ते मेलोट्रॉनच्या कारखान्यात काम करत असत. आपल्या मार्क २ मधल्या कोंबड्याच्या आरवण्यासारख्या आणि आगगाडीच्या शिट्टीसारख्या गमतीच्या टेपा त्यांनी काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी तंतुवाद्यांच्याच टेपा दुसऱ्यांदा भरल्या. कारखान्याच्या यादीशी ताडून पाहणाऱ्याला त्या यंत्राची अर्धी बाजू बिघडलेली वाटली असती. उलट बीबीसीने घेतलेल्या यंत्रांत ध्वनिपरिणामच भरलेले होते: ७० पट्ट्या आणि प्रत्येकीवर १८ आवाज, म्हणजे १,२६० आवाज. एकाला जी अडगळ वाटते, ती दुसऱ्याची गरज असते.

मी सांगितलेल्या त्या एम४०० मध्ये ए आणि बी या ट्रॅकवर नेहमीचे आवाज होते. सी ट्रॅकवर मात्र केवळ ११ पट्ट्यांवर कुणा बाईचा 'आ'कार होता आणि उरलेल्या २४ पट्ट्या कोऱ्या होत्या. दोन सुरांच्या मागे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक स्पष्ट ऐकू येत होती. मालकांना याची कल्पनाच नव्हती, कारण निवडीचा खटका अडकल्यामुळे सी ट्रॅक त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

म्हणून प्रत्येक ट्रॅकची प्रत्येक पट्टी एकदा तरी मुद्रित करून ठेवावी. ३५ पट्ट्या आणि ३ ट्रॅक धरले तर १०५ तुकडे होतात. प्रत्येकी आठ सेकंद धरल्यास सगळे मिळून १४ मिनिटांचे काम आहे, आणि मधल्या खटपटीसह एका दुपारी ते उरकते. त्याआधी हेड आणि कॅप्स्टन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावीत, रबरी रोलरना मात्र ते लावू नये, आणि हेड डिमॅग्नेटाइज करताना, म्हणजे त्यात उरलेले चुंबकत्व घालवताना, यंत्र बंद व टेपांची चौकट बाहेर काढून दूर ठेवलेली असावी. चुंबक लागलेला स्क्रू ड्रायव्हर या कामात टेबलावरसुद्धा नसावा. पहिल्यांदा वाजवतानाच टेपेचा तपकिरी थर हेडवर चिकटू लागला किंवा टेप किंचाळू लागली तर लगेच थांबावे. तिचे बंधक द्रव्य ओलाव्याने सुटले आहे आणि प्रत्येक दाबणीबरोबर आवाज कायमचा खरवडला जातो आहे. आषाढ-श्रावणात पुण्यात हे काम मी हातीच घेत नाही.

टेपांच्या सांध्यांकडेही लक्ष द्यावे. साध्या चिकटपट्टीचा डिंक कालांतराने कडेने पाझरतो आणि शेजारची टेप धरून ठेवतो. स्प्रिंग तिला परत ओढू शकत नाही, आणि पुढच्या वेळी पट्टी दाबल्यावर सूर सुरुवातीऐवजी मधूनच सुरू होतो. असे सांधे सोडवून स्प्लायसिंग टेपने पुन्हा करावेत. हा बदल उलटवावा की नाही असा प्रश्नच इथे पडू नये.

पट्ट्या आणि पॅड

प्रत्येक पट्टीला पॅडचा दाब आणि रोलरचा दाब ठरवणारे वेगवेगळे स्क्रू असतात, आणि बिघाडाचे खापर नेहमी चुकीच्या स्क्रूवर फुटते. आवाज घोगरा आला की माणूस पॅड घट्ट करतो. पॅड घट्ट झाला की तो टेपला ब्रेक लावतो. मग टेप सरकत नाही म्हणून रोलर घट्ट करतो. आणि अशा ३५ पट्ट्या झाल्या की बिचारी मोटर दमते आणि तिच्यावर नवे सर्किट चढवले जाते. म्हणजे मोटरजवळ दिसणारा विचित्र बदल कधीकधी पॅडच्या दुखण्यावरचा उपाय असतो. म्हणूनच मोटरकडे वळण्याआधी पॅड पाहावेत, असे मी सुचवतो. मूळच्या फेल्टऐवजी स्पंजचे तुकडे बसवलेले असतील तर ते बोटाने दाबून पाहावेत. जुना स्पंज पिठासारखा भुगा होऊन हेडवर पसरतो, तो निःशंक काढावा. स्प्रिंगच्या जागी शिवणकामाचे इलॅस्टिक, पट्टीखाली पुठ्ठ्याचा तुकडा किंवा घडी घातलेली तिकिटे सापडतात. ती काढावीत, पण क्रमांक लिहिलेल्या पाकिटात जपून ठेवावीत. त्या तिकिटावर गावाचे नाव आणि तारीख असते, आणि यंत्राचा प्रवास सांगणारा दुसरा कागद बहुधा नसतोच.

आवाज बाहेर नेणारी जोडणी

जास्तीचे सॉकेट दिसले तर त्याची तार कुठून निघते ते शेवटपर्यंत शोधावे. काहींनी खालच्या आणि वरच्या पट्ट्यांच्या हेडचे दोन गट करून दोन वेगळ्या वाटा काढलेल्या असतात, काहींनी आत आवाजाला घुमारा देणारा स्प्रिंगचा रिव्हर्ब बसवलेला असतो. मार्क २ मध्ये तो मूळचाच असे, एम४०० मध्ये नसे, त्यामुळे हा बदल समजण्यासारखा आहे. हेडचे दोन गट करणारी जोडणी कधी उलटवू नये असे माझे ठाम मत आहे, कारण हेडच्या बारीक तारांवर पुन्हा पुन्हा डाग दिला की त्या तुटतात, आणि फायदा काय, तर आहे त्यापेक्षा कमी काम करू शकणारे यंत्र परत मिळणे. नवा प्रीअँप (हेडकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारे सर्किट) बसवलेला असेल आणि जुना बाजूला पडून असेल तर जुना फेकू नये.

पेटीच्या लाकडावरचे बदल, म्हणजे चाके, कड्या, मूळ पांढऱ्यावर फासलेला काळा रंग, हवेसाठी पाडलेली भोके, हे बहुतेक सगळे मी आहे तसे ठेवतो.

काय ठेवावे, काय काढावे

वहीतल्या प्रत्येक क्रमांकासमोर आता एकच प्रश्न लिहावा: हा कोणत्या त्रासावरचा उपाय होता? उत्तर सापडले तर तो त्रास आज उरला आहे का ते तपासता येते. पॅड नीट केल्यावर मोटरचे जादा सर्किट निरुपयोगी ठरले तर ते काढायला हरकत नाही, पण आधी त्याचे चित्र काढून आणि प्रत्येक घटक मोजून. उत्तर सापडले नाही तर तो बदल तसाच ठेवावा. केळकर संग्रहालयात काचेआड ठेवलेल्या वाद्याला हाच न्याय लागतो असे नाही. तिथे ते जसे आले तसेच जतन होते आणि तेच योग्य आहे. जे वाजवायचे आहे त्याच्याबाबत मात्र मालकाचे म्हणणे ऐकावे लागते. त्या गृहस्थांना निम्म्या वेगाचा स्विच नको होता. तो मी जागेवर ठेवून फक्त तारा सोडवल्या, टोकांना स्लीव्ह घातल्या आणि वहीत नोंद केली.

शेवटी आपण स्वतः केलेल्या बदलांची चिठ्ठी पेटीच्या आत, मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी. बाजाच्या पेटीत जुने कारागीर भात्याजवळ पेन्सिलीने सुराची पट्टी आणि साल लिहून ठेवत, तशीच ही असावी: कोणता भाग बदलला, काढलेला भाग कुठे ठेवला आहे, फ्लायव्हीलचे चार आकडे, आणि तारीख. पेन्सिलच वापरावी, कारण चार पावसाळ्यांत बॉलपेनची शाई पसरते. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की ते चार आकडे पुन्हा घ्यावेत आणि त्याच चिठ्ठीवर जुन्या आकड्यांखाली लिहावेत.